न बोललेल्या हुकमाचा तपास

१८९०च्या दशकात तोक्योमधल्या योसे म्हणजे छोट्या कथागृहांत एक गोरा माणूस किमोनो घालून, उशीवर गुडघे मोडून बसायचा आणि अस्खलित जपानीत गोष्ट सांगायचा. त्याचं नाव हेन्री ब्लॅक. जन्म १८५८चा, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा. वडील जपानात येऊन पत्रकार झाले आणि मुलगा तिथल्याच भाषेत इतका मुरला की काइराकुतेई बुराक्कू हे कथाकाराचं नाव घेऊन तो व्यासपीठावर चढला. युरोपातल्या गुन्ह्यांच्या कथा तो उचलायचा, पात्रांना जपानी नावं द्यायचा आणि श्रोत्यांना तासन्‌तास खिळवून ठेवायचा. त्याची १८९२ची एक कथा इवादे नावाच्या बँकेभोवती फिरते. खून होतो, मागे रक्ताने माखलेल्या हाताचा ठसा राहतो आणि त्या ठशावरून गुन्हेगार सापडतो.

आता तारखा पाहा. लंडनच्या स्कॉटलंड यार्डने बोटांच्या ठशांची शाखा उघडली १९०१ साली. कोलकात्याची शाखा त्याआधीची, १८९७ची, पण तीही या कथेनंतरचीच. पोलिसांच्या हाती जे साधन अजून पडायचं होतं, ते तोक्योतल्या श्रोत्यांनी कथागृहात बसून आधीच ऐकलं होतं.

हे आकाशातून पडलं नव्हतं. तोक्योच्या त्सुकिजी भागात हेन्री फॉल्ड्स नावाचे स्कॉटिश डॉक्टर रुग्णालय चालवायचे. ओमोरी इथल्या उत्खननात हजारो वर्षांपूर्वीची खापरं निघाली होती. त्यांच्यावर उमटलेल्या कुंभारांच्या बोटांच्या रेषा डॉक्टरांना दिसल्या आणि ते त्यामागे लागले. ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल, असं पत्र त्यांनी १८८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापलं. त्यावर विल्यम हर्शेल यांनी लगेच लिहिलं, की हे काम मी बंगालमध्ये कधीचं करतो आहे. १८५८ साली जंगीपूरला, रस्त्यासाठी खडी पुरवण्याच्या कंत्राटावर त्यांनी राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या उघड्या तळव्याचा ठसा घेतला होता. पुढे त्याने शब्द फिरवू नये म्हणून! गुन्हेगारांना पकडणारी ही विद्या जन्मली ती अशी धंद्याच्या कागदावर, एकाचा दुसऱ्यावर पुरता भरवसा नसल्यामुळे. हे मला फार विलक्षण वाटतं, कारण पुढची सगळी गोष्ट अशाच कागदांची आहे.

बुराक्कूच्या कथा आज आपल्याला ठाऊक आहेत त्या लघुलेखकांमुळे. जपानी लघुलेखनाची पद्धत १८८२मध्ये आली. दोनच वर्षांनी सान्युतेई एन्चो या मोठ्या कथाकाराची एक भूतकथा त्याच्या तोंडून निघाली तशी उतरवून छापली गेली. लोकांनी ती उचलून धरली आणि बोलल्यासारखं लिहिण्याचा धडा जपानी कादंबरीकारांनी त्यातून घेतला. आज माणूस बसून पुस्तक वाचतो आणि त्याचं ऑडिओबुक होतं. तिथे उलटं घडलं होतं: आवाज आधी, पुस्तक मागून. हा बुराक्कू तेवढ्यावरही थांबला नाही. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात गायिका गौहर जानचा आवाज तबकडीवर उतरवून त्याच दौऱ्यात १९०३ साली तोक्योला पोहोचला, तेव्हा त्याला तिथले कलाकार मिळवून देणारा आणि स्वतःही तबकडीसाठी बोलणारा माणूस बुराक्कूच होता. कानात इअरबड खोचून जपानी गुन्हेकथा ऐकणाऱ्या आजच्या श्रोत्याचं घराणं इतकं जुनं आहे.

जपानच्या आधुनिक रहस्यकथेची सुरुवात मानतात ती एदोगावा राम्पो यांच्या ‘दोन सेनचं नाणं’ या १९२३च्या कथेपासून. लेखकाचं खरं नाव हिराई तारो. एडगर ॲलन पो या नावाच्या जपानी उच्चारावरून त्यांनी टोपणनाव घेतलं. त्या कथेची सुरुवात कुठे होते? विजेची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात, कामगारांच्या पगाराच्या दिवशी. एक सभ्य चोर वार्ताहर बनून येतो आणि पगाराचे ५० हजार येन घेऊन जातो. पुढची कथा सांकेतिक लिपीकडे वळते आणि कारखाना मागे पडतो. तो पुन्हा पुढे यायला महायुद्ध सरावं लागलं आणि एका वेगळ्याच माणसाने लेखणी हातात घ्यावी लागली.

मात्सुमोतो सेइचो यांचा जन्म १९०९चा. घरची गरिबी, शिक्षण उच्च प्राथमिक शाळेपर्यंतच. विजेच्या सामानाच्या एका कंपनीत पोऱ्या, मग छापखान्यात उमेदवारी, मग कोकुरा शहरात एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात आखणीचं काम. कचेरीची उतरंड त्यांनी सगळ्यात खालच्या पायरीवरून पाहिली होती. कोण कोणापुढे किती वाकतो, कोणाच्या टेबलावर चहा आधी येतो, चूक वरच्याची असली तर नाव कोणाचं लागतं, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. साहित्याचा आकुतागावा पुरस्कार मिळाला तेव्हा वय ४३. त्याआधी जपानी रहस्यकथेत बंद खोल्या, शापित वाडे, विक्षिप्त हुशार गुप्तहेर असा थाट असायचा. सेइचोंनी खून वाड्यातून काढला आणि लेखा विभागात आणून ठेवला.

१९५७ साली त्यांच्या दोन कादंबऱ्या दोन नियतकालिकांतून एकाच वेळी क्रमशः येत होत्या. एक ‘मे नो काबे’, म्हणजे डोळ्यांची भिंत. एका कंपनीला पगार वाटायला पैसे कमी पडतात. लेखा विभागाचा प्रमुख ३ कोटी येनची हुंडी वटवायला निघतो. दलाल त्याला एका बँकेच्या स्वागतकक्षात घेऊन जातो. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या त्या खुर्च्यांवर बसून बँकेचा अधिकारी म्हणवणारा एक माणूस हुंडी हातात घेतो आणि पैसे आणतो म्हणून आत जातो. तो परत येत नाही. बँकेचा त्याच्याशी काही संबंधच नसतो, ठगांनी तिची फक्त खोली वापरलेली असते. फसवणुकीची ही रीत त्या काळात जपानात खरोखर चालायची.

पण सेइचोंची खरी नजर दिसते ती यानंतर. कंपनी पोलिसांत जात नाही. बाहेर बोभाटा झाला तर बाजारात पत जाईल, म्हणून गप्प बसायचं ठरतं. विभागप्रमुखाला कोणी ‘जीव दे’ असं म्हणत नाही. कोणी तसं सुचवतही नाही. त्याला फक्त सगळ्यांच्या मधोमध त्या गप्पपणात उभं केलं जातं आणि तो डोंगरात जाऊन आत्महत्या करतो. त्याच्या हाताखालचा तरुण अधिकारी हागिझाकी रजा काढून, एका वार्ताहर मित्राला सोबत घेऊन शोधाला लागतो. मागावर आहे तो पोलीस नाही, गुप्तहेर नाही, एक नोकरदार आहे. त्याला ठग तर सापडायला हवेतच, पण आपल्या साहेबाचा जीव नेमका कोणी घेतला, हा त्याचा खरा प्रश्न आहे. जपानी कंपनीकथेचा हा गाभा आहे असं मला वाटतं: हुकूम झाला, माणूस मेला, पण हुकूम देणारं वाक्य कुठेच उच्चारलं गेलेलं नाही.

दुसरी कादंबरी जास्त गाजलेली, ‘तेन तो सेन’, बिंदू आणि रेषा. ती ‘ताबी’ नावाच्या पर्यटन मासिकात आली, म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक ज्यांच्या हाताशीच असायचं अशा वाचकांसमोर. फुकुओकाजवळ काशिईच्या किनाऱ्यावर एक पुरुष आणि एक स्त्री मृत सापडतात. विषाची बाटली जवळ. प्रेमिकांनी मिळून जीव दिला, असं सगळे धरून चालतात. पुरुष एका मंत्रालयातला कनिष्ठ अधिकारी, आणि त्या मंत्रालयात लाचखोरीची चौकशी सुरू आहे. तोरिगाई नावाच्या स्थानिक पोलिसाला मृताच्या खिशात रेल्वेच्या भोजनडब्याची पावती मिळते, एका माणसाच्या जेवणाची. जोडीने मरायला निघालेला माणूस एकटा जेवला? ती कुठे होती? भूक नसेल तिला, असं कोणीही म्हणेल. पण तोरिगाई घरी मुलीला विचारतो आणि ती सांगते, की भूक नसली तरी बाई सोबत म्हणून जाऊन बसेल. या साध्या उत्तरावर पुढचा सगळा तपास उभा राहतो.

मग येतात ती चार मिनिटं. तोक्यो स्थानकाच्या १३ क्रमांकाच्या फलाटावरून १५ क्रमांकाच्या फलाटावर उभी असलेली आसाकाझे एक्स्प्रेस एरवी दिसूच शकत नाही, कारण मधल्या रुळांवर सतत गाड्या येत-जात असतात. दिवसभरात फक्त संध्याकाळी ५ वाजून ५७ मिनिटांपासून ६ वाजून १ मिनिटापर्यंत मधली जागा मोकळी असते. नेमक्या त्याच वेळात, तिथे उभ्या असलेल्या साक्षीदारांना ते दोघे एकत्र गाडीत चढताना दिसतात. योगायोग, की कोणीतरी साक्षीदारांना मुद्दाम तिथे आणून उभं केलं? साक्षीदारांना तिथवर आणणारा माणूस यासुदा, त्या मंत्रालयाला यंत्रं पुरवणारा व्यापारी. सेइचोंनी हे त्या काळच्या खऱ्या वेळापत्रकावर रचलं. रोज हजारो माणसं त्या फलाटांवरून जात होती आणि ही फट कोणाच्या लक्षात आली नव्हती.

(ज्यांना ही कादंबरी अजून वाचायची किंवा ऐकायची आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.) तोक्योचा अधिकारी मिहारा यासुदाच्या मागे लागतो. यासुदा म्हणतो, मी त्या वेळी होक्काइदोला जाणाऱ्या गाडीत होतो. विमानाची शक्यता मिहाराला बराच काळ सुचत नाही. आजचा श्रोता केव्हाच ओरडून सांगेल, पण १९५७च्या जपानमध्ये सामान्य माणसाच्या मनात विमान नव्हतं. विमानाच्या प्रवाशांच्या यादीत यासुदाचं नाव नसतं. ज्यांची नावं असतात ते शपथेवर सांगतात, की होय, आम्हीच गेलो होतो. हे सगळे त्या मंत्रालयाशी धंदा करणारे व्यापारी. वरून शब्द गेला आणि त्यांनी आपली नावं वापरू दिली. आणि ज्या वरिष्ठ अधिकाऱ्यासाठी कनिष्ठाला संपवलं गेलं, त्याचं काय झालं? त्याची दुसऱ्या विभागात बदली होते, आधीपेक्षा चांगल्या खुर्चीवर. मिहारा हे तोरिगाईला पत्रात लिहून कळवतो आणि कादंबरी संपते.

बदलीच्या कागदावर संपणारी खुनाची कथा मी तोवर वाचली नव्हती. पुढे लक्षात आलं, की त्या देशातल्या कंपनीकथांत ही परंपराच आहे. इकेइदो जुन हे आधी बँकेत नोकरीला होते. १९९८ साली बँकेतल्या मृत्यूची रहस्यकथा लिहून त्यांनी एदोगावा राम्पो पुरस्कार मिळवला. त्यांच्या बँकर नायकावरची ‘हान्झावा नाओकी’ ही मालिका २०१३ साली गाजली. शेवटच्या भागाला तोक्यो परिसरात ४२.२ टक्के प्रेक्षक होते. त्या भागात नायक बँकेतल्या बलाढ्य संचालकाला सगळ्यांसमोर गुडघे टेकायला लावतो आणि त्यानंतर त्याला बक्षीस मिळतं ते दुसऱ्या कंपनीत रवानगीचं. न्यायालयाचा निकाल नाही, बेड्या नाहीत. कंपनी आपलं मत एका ओळीच्या हुकमात सांगते आणि कारण सांगत नाही.

हे असं का, हे समजायला तिथला कागद कसा फिरतो ते पाहावं लागतं. परंपरेने जपानी कंपनीतला प्रस्ताव वरून खाली येत नाही. खालच्या पायरीवरचा कोणी तो लिहितो. मग तो विभागाविभागांतून वर चढत जातो आणि प्रत्येक टेबलावर त्यावर एक गोल लाल शिक्का उमटतो. त्याआधी प्रत्येकाला खासगीत भेटून त्याचं मन वळवून झालेलं असतं, त्यामुळे बैठकीत वाद होत नाही. जे ठरलं आहे तेच तिथे ठरतं. यात मोठी ताकद आहे. एकदा शिक्के पडले, की अंमलबजावणीत कोणी आडवं येत नाही, कारण सगळेच त्यात असतात. पण एखादा गुन्हा त्याच वाटेने गेला, तर शोधणाऱ्यापुढे काय उरतं? दहा-बारा शिक्के, आणि त्यांतला एकही ‘मी ठरवलं’ असं म्हणत नाही. शिवाय वरिष्ठाच्या मनात काय आहे ते त्याने बोलण्याआधी ओळखावं, हा तिथे चांगल्या हाताखालच्या माणसाचा गुण समजला जातो. गुप्तहेराला इथे बोटांचे ठसे उपयोगाचे नाहीत. त्याला माणसं बोलताना कुठे थांबली ते ऐकावं लागतं.

म्हणूनच ही कथा कानाने घेण्याची आहे असं मी म्हणतो. जपानीत क्रियापदाच्या रूपावरूनच कोण वर, कोण खाली, कोण आतला, कोण बाहेरचा हे कळतं. कंपनीत साहेबाशी बोलताना पराकोटीची आदराची भाषा वापरायची, पण बाहेरच्या माणसाचा फोन आला, की त्याच साहेबाचा उल्लेख नुसत्या आडनावाने करायचा, आदरार्थी प्रत्यय न लावता. कारण बाहेरच्यापुढे आपली कंपनी म्हणजे आपण, आणि स्वतःला कोणी ‘अहो-जाहो’ करत नाही. नव्या नोकरदाराला हे पहिल्या काही आठवड्यांत शिकवतात. आता विचार करा, चौकशीला आलेल्या पोलिसासमोर एखादा कारकून साहेबाचं नाव घेताना चुकला तर? त्याच्या लेखी तो पोलीस आतला आहे की बाहेरचा, हे त्या एका प्रत्ययात उघड होतं. छापील पानावर डोळा पुढे सरकून जातो. चांगला वाचक-कलाकार मात्र तिथे आवाज किंचित खाली घेतो आणि श्रोत्याला कळतं, की खोलीतली सगळी माणसं आता एकमेकांकडे न बघता बसली आहेत. आदराच्या तीन पायऱ्या रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या मराठी कानाला हे समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं कादंबऱ्यांपुरतं असतं तर बरं होतं. २०११च्या एप्रिलमध्ये ऑलिम्पस या कॅमेरे आणि एंडोस्कोप बनवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष झाले मायकेल वुडफर्ड, त्या पदावरचे पहिले परदेशी, कंपनीत तीस वर्षं काढलेले. त्या उन्हाळ्यात ‘फाक्ता’ नावाच्या छोट्या जपानी मासिकाने कंपनीच्या विचित्र खरेदी-व्यवहारांवर लेख छापले. कचेरीत त्याबद्दल कोणी अध्यक्षांना चकार शब्द सांगितला नाही. वुडफर्ड यांनी लेखी प्रश्न विचारायला सुरुवात केली. सुमारे २०० कोटी डॉलरच्या एका खरेदीत सल्लागारांना ६८ कोटी डॉलरहून जास्त शुल्क का? १४ ऑक्टोबरला संचालक मंडळाने काही मिनिटांत त्यांना एकमताने पदावरून काढलं. ते ताबडतोब वर्तमानपत्राकडे गेले. महिना उलटायच्या आत कंपनीने कबूल केलं, की १९९०च्या दशकापासूनचा गुंतवणुकीतला तोटा आम्ही लपवत आलो होतो. त्या वीसेक वर्षांत पदं बदलली, माणसं निवृत्त झाली, आणि गुपित मात्र एकाकडून दुसऱ्याच्या हाती जात राहिलं.

माझ्या मनात घर करून राहिली आहे ती मात्र यामाइची सेक्युरिटीजची हकिगत. ही जपानच्या चार मोठ्या दलाली पेढ्यांपैकी एक, १८९७ साली स्थापन झालेली. शंभराव्या वर्षी, २४ नोव्हेंबर १९९७ला, ती बंद होत असल्याचं जाहीर झालं. पत्रकारांसमोर अध्यक्ष रडले आणि चूक आमची आहे, कर्मचाऱ्यांची नाही, त्यांना कोणीतरी कामावर घ्या, असं विनवत राहिले. ते चित्र जपानभर गेलं. २६ हजार कोटी येनहून जास्त तोटा पुस्तकांबाहेर लपवलेला होता. बाजार पडल्यावर ग्राहकांचे बुडीत रोखे या कंपनीतून त्या कंपनीत, एकाच्या ताळेबंदाची तारीख आली की दुसऱ्याकडे, असे वर्षानुवर्षं फिरत ठेवले होते. सात हजारांहून अधिक माणसांची नोकरी गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांना हा तोटा अस्तित्वात असल्याची कल्पनाही नव्हती.

मग काही जण मागे थांबले. सहकारी नव्या नोकऱ्या शोधत होते, पुष्कळांना मेरिल लिंच या अमेरिकी पेढीच्या नव्या शाखांत जागा मिळत होती. आणि हे थोडे लोक रिकाम्या होत चाललेल्या इमारतीत बसून आपलीच कंपनी कशी मेली याची चौकशी करत होते. पोलीस नव्हते ते. बरेचसे मागच्या बाकावरच्या विभागांतले, बढतीच्या शर्यतीत मागे पडलेले. गोदामातली खोकी उघडायची, टिपणवह्या काढायच्या, कालपर्यंत ज्यांच्यासमोर मान वर केली नाही त्या माजी वरिष्ठांना समोर बसवून विचारायचं: हा आकडा तुम्हाला कधी कळला? त्या खोलीत आणखी कोण होतं? कियोताके हिदेतोशी या पत्रकाराने पुढे त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘शिंगारी’, म्हणजे माघार घेणाऱ्या सैन्याची पिछाडी सांभाळणारी तुकडी. हागिझाकी ही कल्पना होती, चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेली. ही खरी माणसं होती, आणि काम तेच करत होती.

एप्रिल १९९८मध्ये त्यांनी अहवाल जाहीर केला. कोणत्या वर्षी, कोणत्या बैठकीत, कोणापुढे किती तोटा मांडला गेला आणि तो लपवायचं कसं ठरलं, हे त्यात क्रमाने लिहिलं होतं, तिथे बसलेल्यांच्या नावांसकट.